सतरावा संदर्भ

दुर्पता बारावी नापास होती, पण इंजिनिअरिंगचे दोनशेच्या वर प्रोजेक्ट रिपोर्ट तिच्या बोटांखालून गेले होते. गोंदियाच्या बाहेर, कॉलेजच्या फाटकासमोर तिचं टायपिंगचं दुकान. पूल कसा खचतो, मोटर काऊन तापते, हे टाइप करता करता तिला थोडं थोडं कळायला लागलं होतं. कंसातले आकडे तर पाठच झाले होते. दुसऱ्याकडून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीपाशी चौकोनी कंसात एक आकडा टाकायचा, आणि शेवटी यादीत त्या आकड्यापुढं लिहायचं, की हे कोणाचं. नवीन पोरांना ती सांगायची, "भांड्यावर नाव घालतात ना, तसंच. उसनं आनलं तर कोनाच्या घरचं ते दिसलं पायजे."

नियम एवढाच, की रिपोर्टात जो पहिल्यांदा येईल तो एक, त्याच्यामागचा दोन. मध्येच नवा पाहुणा आला तर? इतकी वर्षं दुर्पता त्याला यादीच्या तळाशी बसवत आली होती आणि कोणी हूं की चूं केलं नव्हतं. यंदा कॉलेजनं कडक केलं.

त्या शुक्रवारी बारा वाजता दिव्या उईके आली. मागून तिचे वडील मंगरूभाऊ, डोक्यावर तिच्या हॉस्टेलच्या गादीची वळकटी घेऊन. रिपोर्ट जमा करून दोघं सडक अर्जुनीकडच्या गावी जाणार होते. पाच वाजता ऑफिस बंद. त्याच्या आत रिपोर्ट गेला नाही, तर सोमवारच्या तोंडी परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि परीक्षा गेली की वर्षच गेलं.

"काकू, गाइड सर म्हनून राहिले, त्यांचा पेपर टाका. एक नंबरवर, पहिल्याच वाक्यात."

"त्याच्यात तुह्या राखेबद्दल हाय का काही?"

"सिमेंट हाय."

"मंग चालते," दुर्पता म्हणाली. सरांचा पेपर कुठंही चालतो, हे तिला बारावी नापास असूनही माहीत होतं.

"आनि सतरावा काढा," दिव्या हळू आवाजात म्हणाली.

सतरावा म्हणजे मंगरूभाऊ. दिव्याचा प्रोजेक्ट होता धानाच्या भुशाची राख सिमेंटमध्ये मिसळायचा, आणि मंगरूभाऊ एकवीस वर्षं राईस मिलच्या भट्टीत भुसा टाकत आले होते. कोणत्या आगीत राख काळी पडते, कोणत्या आगीत पांढुरकी होते, कोणती बोटात चुरली की पिठासारखी लागते, हे सगळं त्यांनी सांगितलेलं. दिव्यानं यादीत इमानदारीनं लिहिलं होतं, मंगरू उईके, भट्टी कामगार, प्रत्यक्ष बोलणे. सरांनी त्यावर लाल रेघ मारली होती. वडील काही जर्नल नसतात, असं ते म्हणाले होते. मंगरूभाऊंना आपलं नाव होतं हेही माहीत नव्हतं आणि गेलं हेही नाही. ते बाकावर बसून चहा फुंकत होते.

दुर्पतानं हिशेब केला. एक नवा पाहुणा पहिल्या जागी, म्हणजे जुन्या एकचा दोन, दोनचा तीन, असं करत सोळाचा सतरा. सतरावा जातो आहे, तर अठराच्या पुढं हात लावायलाच नको. सोपं काम. यादी आधी नीट केली. मग मजकुरातले आकडे एकेक कुठं शोधायचे, म्हणून तिनं मशीनला सांगितलं, की जिथं कंसात एक दिसेल तिथं दोन कर. मशीननं केलं. जिथं दोन दिसेल तिथं तीन. मशीननं तेही केलं. सोळापर्यंत तिनं न चुकता ओळीनं सांगितलं, फाइल सेव्ह केली, बंद केली, आणि छपाईला टाकून पंखा वाढवला.

तिसऱ्या पानावर सतरा होता. चौथ्यावर तीन वेळा सतरा. सातव्यावर एकाच परिच्छेदात चार.

"काकू, हे काय झालं?"

दुर्पतानं सगळी पानं चाळली. एक ते सोळा कुठंच नव्हते. होते ते चौसष्ट सतरे.

दोघी स्क्रीनसमोर थिजल्या, तेव्हा मंगरूभाऊ उठून मागं आले. काय झालं ते दुर्पतानं सांगितलं, कारण कोणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं.

"बाई, तुम्ही समोरून ढकललं," ते ऐकून म्हणाले. "आमच्या मिलवर ट्रकाची लाइन लागते. समोर जागा पायजे असली, तर आधी मागचा ट्रक मागं घेतात, मंग त्याच्या पुढचा. समोरचाच आधी मागं रेटला तर एकावर एक चढतीन ना."

बरोबर होतं. सतराव्याला आधी काढायचं, मग सोळापासून उलटं यायचं. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगणारा माणूस दीड तास मागच्या बाकावर चहा घेऊन बसला होता.

जुनी फाइल नव्हती, तिच्यावरच नवी सेव्ह झाली होती. जुनी छापील प्रत सरांच्या केबिनमध्ये कुलपात. सर बिरसी विमानतळावरून दुपारच्या विमानानं गेलेले, फोन बंद. आकडे टाकताना दिव्यानं आणलेल्या चिठ्ठ्या होत्या, कोणत्या वाक्याला कोणतं पुस्तक. त्या दुर्पतानंच काल झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या. तिला कागदाचा पसारा सहन होत नाही.

"आठवून आठवून टाकू," ती म्हणाली. "तू वाच, मी टाकीन."

दिव्या वाचू लागली. "हा माह्या बाबाचा हाय. हा पन बाबाचा. हा नाही माहीत. हा बहुतेक पाच. नाही, नऊ असन." साडेतीनला चौसष्टही वाक्यं संपली. पक्के सापडले अकरा, आणि ते अकराच्या अकरा मंगरूभाऊंचे. भट्टीपाशी उभं राहून ऐकलेलं तेवढं लक्षात राहिलं होतं. सरांच्या लाल रेघेप्रमाणं पुसायचे होते तेही तेवढेच.

दुर्पतानं घड्याळाकडं पाहिलं. "बाकीचे अंदाजानं टाकून देऊ का? कोन वाचते?"

"दुसऱ्याच्या भांड्यावर तिसऱ्याचं नाव घालू?" दिव्या म्हणाली. दुर्पतानंच पहिल्या वर्षी शिकवलेलं.

"मंग आता सतरावर कोनाचं ठेवू, ते सांग. यादीत आता तिथं जुना सोळावा हाय, एक फॉरेनवाला."

दिव्यानं मागं वळून पाहिलं. मंगरूभाऊ गादीच्या वळकटीची सुटलेली दोरी बांधत होते.

"बाबाचं ठेवा. अकरा तरी खरे राहतीन."

"आनि त्रेपन्न?"

"खोटेच हायेत, काकू. पन फॉरेनवाला कोन, कसा, मले काय माहीत. बाबा माहा हाय. तो भांडनार नाही."

 दुर्पतानं फॉरेनवाल्याला यादीतून उठवलं, मनातल्या मनात त्याची माफी मागितली, आणि मंगरू उईके पुन्हा तिथं बसवले. पहिल्या वाक्यात सरांचा एक आकडा टाकला. दोन ते सोळा यादीत नुसतेच बसून राहिले, लग्नात कोणी न विचारलेल्या सोयऱ्यांसारखे. दोन प्रती निघाल्या, शिवल्या. पाचला दहा कमी असताना दिव्या धावत गेली. ऑफिसातल्या माणसानं पानं मोजली, शिक्का मारला, एक प्रत ठेवली, एक परत दिली.

परत येऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं. लाल रेघसुद्धा. मंगरूभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, पण मिलमध्ये पोत्यांवर असतात म्हणून आकडे येत होते. पान उलटत ते एकेका सतरावर बोट ठेवत गेले. सुरुवातीला थोडे हसले. मग हसणं कमी कमी होत गेलं.

"येवढा मी कधी बोललो?"

त्यांनी एका ओळीवर बोट थांबवलं.

"हे काय लिवलं?"

"जपानात भूकंपाच्या घराले कोनतं सिमेंट लागते, ते," दिव्या म्हणाली.

"मी जपानचं कधी बोललो, माय?"

दिव्याचे डोळे भरून आले. तिनं तोंड फाटकाकडं केलं. फाटकाच्या आत ऑफिसचं शटर अर्धं खाली आलं होतं. बिरसीच्या शिकाऊ पायलटाचं छोटं विमान वरून घरघरत एक चक्कर मारून गेलं.

मंगरूभाऊंनी रिपोर्टाचं पुस्तक मांडीवर घेतलं. गावाकडची बस निघून गेली, तरी ते उठले नाहीत.

"सोमवारी तिले विचारतीन ना, सतरा कोन म्हनून?"

"विचारतीन, भाऊ," दुर्पता म्हणाली. चूक तिची होती, आणि सांगण्यासारखं तिच्याकडं एवढंच होतं.

"मंग मले बी बोलावतीन." त्यांनी बाकावरून सरकून तिच्यासाठी जागा केली आणि पुस्तक तिच्यापुढं धरलं. "बाई, तुम्ही टाइप केलं ना हे सारं? मंग मले समजावून सांगता का, मी काय काय बोललो ते. आज, उद्या अन् परवा हाय आपल्याकडं."

दुर्पतानं चष्मा पुसला. तिसरं पान उघडलं. पहिलाच शब्द तिला टाइप करता येत होता. त्याचा अर्थ येत नव्हता.