लॉगशीटमध्ये नसलेला रकाना

"कागद भरणं पुरे झालं, बुढ्याले दुखते का ते विचारा ना पहिले," असं शेजारच्या क्वार्टरमधल्या शेवंता सिस्टर मला म्हणाल्या होत्या. मी हसून विषय बदलला. बी.एस्सी. झालेल्या सुनेला नोंदींचं महत्त्व कोण शिकवणार?

अठ्ठ्याऐंशी साल. आम्ही स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दहात. सासरे देवराव प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झाले आणि वर्षभरातच पोटाचा कॅन्सर निघाला. बरं होणं नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं आणि दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. माझ्या मिस्टरांनी, विजयकुमारांनी, गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि भिंतीवर लॉगशीट लावली. तेही प्लांटचेच, भट्टीसारखा बापाचाही ताप दर चार तासांनी लिहायचा. ताप, बीपी, लघवी, जेवण. सकाळची ए शिफ्ट सासूबाई, दुपारची बी मी, रात्रीची सी हे. चार्ज देता-घेताना सह्या.

सेक्टर दोनमधले पाहुणे बाबांना "थोडा अशक्तपणा आहे, बस" म्हणत आणि स्वयंपाकघरात येऊन मला "किती दिवस?" विचारत. आमच्या आठ महिन्यांच्या ताराला मी खाटेजवळ जाऊ देत नसे. कॅन्सर चिकटत नाही, हे मला पाठ होतं. तरी नकोच.

एका दुपारी बाबांच्या उशीचा अभ्रा बदलायला घेतला, तर त्याचा कोपरा दातांनी फाटलेला. लॉगशीटवर माझ्याच अक्षरात होतं: नॉर्मल.

"बाबा, दुखते का?"

"लय दिवसांचं. तुमच्या कागदावर त्याची जागाच नाही, मंग कोणाले सांगू?"

संध्याकाळी मी यांच्याकडे कपाटाची किल्ली मागितली. हे दचकले. "अवं, सवय लागन त्यायले!"

खाटेवरून आवाज आला, "विजू, मी दिवाळी पाहत नाही, मले समजते. किती वर्षांची सवय लागन बे?"

यांनी खिशातून किल्ली काढून दिली.

गोळीनंतर तासाभराने बाबांनी वरणभात मागितला. मग ताराला. मी तिला त्यांच्या कुशीत ठेवलं. तिने चष्मा ओढला.

"हे लिवा," बाबा म्हणाले.

पुढे ते सव्वीस दिवस होते. लॉगशीटवर मी दुखण्याचा एक रकाना पेनने आखला होता. तेवढा आधी आखला असता तर.

तुमच्या ओळखीतही कोणी खाटेवर असेल. आजच जाऊन या. नारळपाणी नेलं नाही तरी चालेल. बाकीचे पाहुणे उठले की विचारा, दुखते का? आणि उत्तर येईपर्यंत बसा.