क्लेमचा पिवळा रंग

क्लेम हॉस्किंग माझा शेजारी. ऑस्ट्रेलियातल्या कॅलगूर्लीच्या शाळेत त्यानं तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि मी जवळजवळ तेवढीच वर्षं खाणीच्या प्रयोगशाळेत दगडातलं सोनं तपासलं. त्याची बायको मेव्ह गेली, त्या वर्षी त्यानं परसातल्या शेडमध्ये रसायनांचा नाद लावून घेतला. म्हातारा बिघडला, असं लोक म्हणाले. मला तसं वाटलं नाही. घरात बसून भिंतींकडे बघत राहण्यापेक्षा बरं.

मेव्ह गोधड्या शिवायची. शेवटची अर्धीच राहिली होती आणि पिवळे तुकडे संपले होते. थायोसायनेट नावाच्या पांढऱ्या क्षारावर नायट्रिक ॲसिडची क्रिया केली की पिवळा साका मिळतो, पूर्वी त्यानं सुती कापड रंगवत, असं क्लेमनं हौशी लोकांच्या एका संकेतस्थळावर वाचलं.

"पिवळं कापड दुकानात मिळतं की," मी म्हटलं.

"मिळतं गं. पण मग त्यात मी काय केलं?"

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी त्यानं मला हाक मारली. शेडच्या दारातच त्यानं टेबल मांडलं होतं. चष्मा होता, हातमोजे होते. त्यानं भांड्यातल्या क्षाराच्या पाण्यात ॲसिड ओतलं आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी नुसतं लालसर झालं.

"झोपलंय वाटतं," क्लेम म्हणाला. "तुझ्या खाणीतल्या साहेबांसारखं."

मी हसले. त्यानं बाटली उचलून पुन्हा ॲसिड ओतलं. ते मी पाहिलं. काही क्रिया उशिरा सुरू होतात आणि मग आवरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. 'थांब' हा शब्द ओठांवर आला होता. पण त्याचा इतका उत्साह, त्याला मास्तरकी कशाला दाखवायची, म्हणून गप्प राहिले.

मग ते एकदम उसळलं. पिवळा फेस काठावरून खाली आला आणि तपकिरी धूर उठला. पळायचं सोडून क्लेम भांडं उचलायला पुढे वाकला. मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं, तेव्हा आम्ही दोघंही जमिनीवर पडलो.

तो थोडा खोकला आणि तोंड धुऊन चहाची किटली ठेवायला निघाला.

"दवाखान्यात चल," मी म्हणाले.

"कशाला? धडधाकट आहे मी. बघ, नाचून दाखवू?"

"क्लेम, आमच्या खाणीत लेस नावाचा माणूस होता. असाच धूर घेतला आणि हसत घरी गेला. संध्याकाळी फुप्फुसांत पाणी भरून मेला. जेवणाच्या ताटावर."

क्लेमनं किटली खाली ठेवली. "टोपी घेतो," एवढंच बोलला.

कोणत्या वायूंचा धूर असू शकतो, ते मी दवाखान्यात शिरताच सांगितलं. दुपारी तो परिचारिकेची थट्टा करत होता. चार वाजता श्वास घरघरू लागला. पाचला ओठ निळे पडले आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. घरी असता तर वाचला नसता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून त्यांनी आभार मानले. मला तिथं उभं राहवेना.

नवव्या दिवशी तो बोलू लागला, तेव्हा मी सांगून टाकलं. "तू दुसऱ्यांदा ओतलंस ते मी पाहिलं होतं. मला कळत होतं. बोलले नाही."

त्यानं नजर छताकडे वळवली. मला वाटलं, आता मला घालवून देईल.

"का नाही बोललीस?"

"तू खूष होतास."

"हं." त्यानं श्वास गोळा केला. "पुढच्या वेळी रडव मला. चालेल."

"पुढची वेळ नाही."

"नाही," तो म्हणाला. "पण त्या संकेतस्थळावर वाचून करणारे दुसरे असतील. त्यांना लिही. माझा उतावळेपणा लिही, आणि तुझं गप्प बसणंही लिही. गोड करू नकोस."

मी लिहिलं. दोघांनी आम्हाला मूर्ख म्हटलं. तिसरा टास्मानियातला होता, त्यानं लिहिलं की त्याचं सगळं सामान टेबलावर मांडलेलं आहे आणि तो आता ते सुरू करणार नाही.

ते वाचून दाखवलं तेव्हा क्लेमनं मला पुन्हा वाचायला लावलं.

तो त्यानंतर चार वर्षं जगला. फुप्फुसं पूर्वीसारखी झाली नाहीत. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाताना त्याला दोनदा थांबावं लागे, आणि तो थांबला की मीही थांबत असे. त्या थांबण्यात आम्ही कधी घाई केली नाही.