जंगलातवाल्यांनी पकडलेला मासा

गुळाच्या डब्याचं झाकण टण्णकन वाजलं आणि दुपारची शांतता संपली. म्हणजे अर्पिता झोपलेली नव्हती. माझी पाच वर्षांची लेक पापण्या थरथरवत झोपेचं सोंग घेते, आणि मला काम असलं की मीही ते खरं मानते.

आज काम होतंच. चार वाजेपर्यंत एक पान इंग्रजीतून मराठीत करून नागपूरच्या प्रकाशकांना पाठवायचं होतं. मुलांच्या पुस्तकाचा नमुना. पसंत पडला तर अख्खं पुस्तक माझ्याकडे, आत माझं नाव. पान होतं सी ब्रीम नावाच्या समुद्री माशाबद्दल: कोणत्या देशाच्या जाळ्यात तो वर्षागणिक वाढला, कोणाच्या जाळ्यात घटला. सोबत रंगीत रेघांचा आलेख. तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या या बाईनं समुद्र पाहिलाय का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

इंग्रजीत माशाला 'वाइल्ड' म्हटलं होतं. 'जंगली मासा' ही शिवी वाटली, म्हणून मी ऐटीत लिहिलं, 'जंगलात पकडलेले मासे', आणि कानाला कसं लागतं ते बघायला मोठ्यानं वाचलं.

माझ्या सासूबाई, रुक्माबाई, दाराशी डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"जंगलातवाल्याईनं काऊन पकडलं वं?"

"कोणाला, आत्याबाई?"

"मासोयाईले. सागवान चोरून नेत होत्या काय?"

आमच्याकडे निजामाच्या काळापासून फॉरेस्ट खात्याला 'जंगलात' म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकी मराठी डोक्यात चढली होती, एवढंच.

"बाजूच्या भिवाजीची बैलबंडी धरली तं दोन दिवस सोडली नाई," त्या म्हणाल्या. "मासोई तं तवरक वाळून जाईन."

मी हसू दाबलं. "तसं नाही हो. तळ्यात पोसलेला नाही, समुद्रात आपला आपला वाढलेला मासा."

"म्हंजे मोकळा. तं मोकळा म्हन ना. एवढी शिकली अन् शब्द सापडत नाई."

मी खोडलं. लिहिलं, 'समुद्रातून पकडलेले मोकळे मासे'. बरं वाटलं. चार वाजायला दहा मिनिटं होती.

तेवढ्यात अर्पिता मांडीवर चढली, ओठांना गूळ. चिकट बोट तिनं आलेखाच्या निळ्या रेघेवर ठेवलं आणि वरून खालपर्यंत ओढत आणलं. स्क्रीनवर गुळाचा ओघळ उमटला.

"ही घसरगुंडी कोनाची?"

"एका देशाची. तिथं मासे आता कमी सापडतात."

"काऊन?"

"आधी खूप पकडले म्हणून."

"कोनते?"

"हे बघ, इथं लिहिलंय. मोकळे मासे."

तिनं माझ्या अक्षरांकडे पाहिलं, मग बोट चाटलं. माझं बोट 'पाठवा'वर होतं.

"मम्मे, पकडल्यावरबी त्याईले मोकळेच म्हनाचं काय?"