अर्जातलं तिसरं वाक्य

निळं टोपण बलभीमच्या दातांत होतं आणि तो ते चावत होता, सावकाश, बैल रवंथ करतो तसं. पेन मात्र कागदाला टेकत नव्हतं, आणि हरणाबाईला त्या चावण्यावरूनच कळून चुकलं की हा सही करायचा नाही. सख्खा दीर. वस्ती सोडून ईट गावात राहायला आला त्याला चार वर्षं झाली...

दारापुढच्या डांबरीवरून एक रिक्षा सरळ निघून गेली, कुठंही न अडखळता.

"वहिनी, माझं नाव हितं घरकुलाच्या यादीत लागलंय," बलभीम म्हणाला. "आता वस्तीवर राहतो म्हणून लिहून दिलं तर हितलं नाव कटतंय. लेकरांच्या डोक्यावर छप्पर कुठनं आणू?"

खोटं नव्हतं त्याचं. पण सोमवारपर्यंत शंभर राहती माणसं दाखवा, मग रस्त्याचं बघू, असं भूमच्या तालुका कचेरीतल्या साहेबानं सांगितलं होतं, आणि वस्तीवर उरली होती एकसष्ट. बाकीची रस्ता नाही म्हणून गेली. आता ती गेली म्हणून रस्ता नाही. म्हणून गेलेल्यांच्या दारोदार ती सह्या मागत फिरत होती. तलावात गाव गेलं तेव्हा योगीराजनं, तिच्या नवऱ्यानं, एकोणीस बिऱ्हाडं जिल्ह्याच्या कडेच्या त्या माळावर आणली होती. ओढा ओलांडला की दुसरा जिल्हा. चुन्यानं घरांच्या रेघा आखताना तो म्हणाला होता, दोन वर्षांत डांबर येतंय बघा. तीस वर्षं झाली त्याला. पलीकडचा साहेब म्हणतो तुम्ही अलीकडचे, अलीकडचा म्हणतो पुढच्या यादीत घेऊ... आणि योगीराज वारल्यावर अर्ज लिहायचं तिच्याकडं आलं, कारण वस्तीवर तिचंच अक्षर सुबक.

बलभीमनं टोपण तोंडातून काढलं. अर्जावर बोट ठेवलं.

"आन् हे दादाचं तेवढं काढा ह्याच्यातनं."

तिसरं वाक्य. रस्त्याअभावी वेळेत उपचार न मिळाल्याने माझे पती मयत झाले. पाच वर्षांत तिनं ते इतक्यांदा लिहिलं होतं की हात आपोआप चालायचा.

"का?" ती म्हणाली.

"चैत महिना होता, वहिनी." तो तिच्याकडं बघत नव्हता. "वाट कोरडी ठणठणीत होती. म्याच गेलतो की खाजाभाईची जीप आणायला. दारात आणून लावली जीप."

आतून तिची जाऊ राजेश्वरी चहा घेऊन आली आणि दोघांची तोंडं बघून कपबश्या ठेवून तशीच आत गेली.

दारात... हो, दारातच लागली होती जीप. दुपार होती. सकाळीच दोघांचं वाजलं होतं — तिला माळ सोडायचा होता, कुठंही, भूमला, माहेरी, जिथं दाराशी गाडी येते तिथं. आणि तो हटत नव्हता. मग दुपारी ओट्यावर छाती चोळत तो म्हणाला, लई जळजळतंय गं, बलभीमला म्हणावं जीप आण. आणि ती ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, बोलवा की, येईल तुमच्या डांबरी सडकेवरनं. एवढंच. आणि पाखडत राहिली. सुपातली ज्वारी संपेपर्यंत, मग दुसरं सूप घेतलं ते संपेपर्यंत. त्याचा आवाज बंद झाला तेव्हा तिला वाटलं, बरं झालं, डोळा लागला. बलभीमला हाक मारली ती त्याच्याही नंतर.

तेराव्याला कुणी पुढारी आला होता. रस्त्यामुळंच गेले ना, असं त्यानं विचारलं आणि तिनं मान हलवली. नुसती मान. पुढं ते कागदावर आलं, मग ती प्रत्येक टेबलापुढं बोलू लागली, साहेब मान खाली घालू लागले, आणि हळूहळू तिच्या आठवणीतसुद्धा त्या दिवशी चिखल झाला, ओढ्याला पाणी आलं, जीप पलीकडंच अडकून पडली. कुणी महिना विचारला नाही. बलभीमही पाच वर्षं गप्प होता.

"मला ठाव हाय तुम्ही वस्तीसाठी करताय," तो हळू आवाजात म्हणाला. "पण दादाच्या नावावर नको. अन् किती दिस एकल्या राहताय तिकडं? मागची खोली रिकामीच हाय. या हिकडं."

"जेवून जावा, अक्का," राजेश्वरी आतून म्हणाली.

ती जेवली नाही. कागद पिशवीत घालून उठली.

परतीला खाजाभाईचीच जीप होती. डांबर संपतं त्या फाट्यावर तो रोज गाडी वळवायचा. आज तिच्याशिवाय कुणी उतरणारं नव्हतं.

"सोडू का वस्तीपतुर, भाभी? वाट कोरडी हाय. धा मिन्टात जाऊ."

त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. तरी ती त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिली — त्या दिवशी ह्यानंच तर योगीराजला खांद्यावर घेऊन मागच्या सीटवर निजवलं होतं; ह्यालाही ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं हा तिला कचेरीला नेऊन सोडतोय.

"नको, भाई. जाते चालत."

जीप वळून गेली. ती चालू लागली. दगड, खड्डे, बाभळी; पावसाळ्यात इथं माणूस गुडघ्याएवढं रुततं, हे खरं होतं, वस्तीवरच्या इरम्माची नात तीन महिने शाळेला मुकते, हेही खरं होतं. ते सगळं लिहिता आलं असतं. ते सोडून तिनं एकच खोटं धरून ठेवलं होतं, आणि ते खोटं उभं राहायला ही वाट अशीच लागत होती. उद्या इथं डांबर पडलं, ईटहून जीप आली, दारात थांबली... तर मग योगीराजच्या मरणाचं खापर कशावर फोडायचं?

सोमवारी साहेब म्हणेल, माणसं भरत नाहीत, बाई. नामंजूर. हे मनात आलं आणि छातीतलं काहीतरी सैल झालं, इतकं सुखाचं की ती भर उन्हात वाटेतच थांबली. वस्तीवरची एकसष्ट माणसं तिची वाट बघत होती. तिनं तो विचार झटकायला हवा होता. तिनं तो झटकला नाही.