घोरण्याचा आलेख

टिकलीच्या शाळेत ऑनर्सचं, म्हणजे वरच्या वर्गाचं, कॅल्क्युलस शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून ती ते ऑनलाइन शिकायची. घराच्या वरच्या मजल्यावर फरशा फोडणं चाललेलं, म्हणून तोंडी परीक्षेला ती बाबांच्या फर्निचरच्या दुकानात येऊन बसली. विक्रीच्या टेबलावर लॅपटॉप, टेबलाच्या पायाला किमतीची चिठ्ठी. नियम एकच, पण जालीम. जवळपास दुसरं माणूस आढळलं की परीक्षा रद्द, आणि टिकलीची रवानगी पुन्हा साध्या वर्गात.

"दुपारी इकडे चिटपाखरू फिरकत नाही," असं बाबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. परीक्षेच्या तोंडावर एक जोडपं आलं. नवरा सर्वात महागड्या पलंगावर "बघू तरी" म्हणून आडवा झाला आणि घोरायलाच लागला.

"बाबा, उठवा ना त्यांना!"

"खुळी का काय तू? झोपलेलं गिऱ्हाईक म्हणजे विकलेला पलंग. आमच्या धंद्यात झोपलेल्याला उठवत नाहीत."

"माझी परीक्षा आहे!"

"मग हळू दे."

एवढं बोलून ते जोडप्यातल्या बाईंना खुर्च्या दाखवायला मागच्या गोदामात घेऊन गेले. वर्षभर कुणी ढुंकून न पाहिलेला पलंग आणि पोटची पोर, यांत बाबांचं काळीज कुठे झुकतं, ते टिकलीला कळलं.

पडद्यावर परीक्षा घेणाऱ्या मॅडम आल्या. "तो आवाज कसला?"

खोटं बोलून निभावण्यासारखं ते घोरणं नव्हतं. टिकलीनं मुकाट्यानं कॅमेरा वळवला. बूट गादीला लागू नयेत म्हणून पाय बाहेर लोंबकळत ठेवलेले, तोंड उघडं.

सकाळपासून इतर मुलांची घोकलेली उत्तरं ऐकून मॅडम विटल्या होत्या. त्यांचे डोळे चमकले. "झोपलेला माणूस काय मदत करणार? चालेल. पण तुझी उत्तरं संपायच्या आत जागा झाला तर परीक्षा बाद. आता सांग, घोरणं चढत चढत टोकाला पोचलं. त्या क्षणी बदलाचा दर किती?"

"शून्य. चढ संपलाय, उतार लागायचाय. क्षणभर सपाट."

तेवढ्यात घोरणं थांबलं. दोघींनी श्वास रोखला. मग एकदम खर्र्रफट्!

"आणि इथे?"

"इथे दर निघतच नाही, मॅडम. उडी आहे. रेघच तुटली."

"शाब्बास!" मॅडम ओरडल्या, आणि माणूस ताडकन उठून बसला.

बाबा बाईंसह धावत आले. "कशी लागली झोप, साहेब?"

"झोप? छे! नुसते डोळे मिटून पडलो होतो. सगळं ऐकत होतो."

मॅडमनी चष्मा काढला. "जागे होतात? मग परीक्षा रद्द करावी लागेल."

"काका, तुम्ही गाढ झोपला होतात!" टिकली कळवळली.

"ठार झोपला होतात!" बाबाही तितकेच कळवळले. बापलेकीचं एवढं एकमत कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

"माझी झोप मला कळत नाही होय?"

"मग सांगा," मॅडम म्हणाल्या, "हिनं शेवटचं उत्तर काय दिलं?"

माणसानं गादी चाचपली, छताकडे पाहिलं. "हेच की... गादीला पाच वर्षांची गॅरंटी आहे."



"गाढ झोपेत होते," मॅडमनी निकाल दिला. "परीक्षा ग्राह्य. मुलगी पास."

टिकली खुर्चीतच विरघळली. बाबा हात चोळत पुढे झाले. "ऐकलंत ना, वहिनी? गाढ! मग देऊ पाठवून?"

"ह्यांना कशाला पलंग?" बाई म्हणाल्या. "हे दात काढायच्या खुर्चीतसुद्धा झोपतात. झोप लागत नाही ती मला. एकटीपुरता दाखवा, दुसऱ्या खोलीत मावेलसा."

"अगं, पण का? मी घोरत नाही!"

"घोरता," लॅपटॉपमधून आवाज आला. "परीक्षेचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

बाईंनी पर्स उघडून पेन काढलं आणि टिकलीसमोर तळहात धरला. "बाळ, ह्या मॅडमचा नंबर लिही बघू इथे."