रिकाम्या हाताने धावायचं नसतं

आमच्या कॉलेजात दरवर्षी एक व्याख्यान होतं. विषय दरवर्षी तोच: विद्यार्थिजीवनात व्यायामाचं महत्त्व. खेळाचे सर गेटपासून स्टाफरूमपर्यंतसुद्धा मोटरसायकलवर येतात, त्यामुळे बोलायला त्यांच्यापाशी दम भरपूर शिल्लक असतो.

"व्यायामाला वेळ मिळत नसतो, वेळ काढायचा असतो," सर म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूला बसलेल्या मुली डोळखांबकडच्या. पाणी भरून, भाकऱ्या थापून, पहिली गाडी पकडून शहापूरला आलेल्या. त्यांनी हा वेळ नेमका कुठून काढायचा हे सर सांगणार, एवढ्यात चहा आला आणि व्याख्यान संपलं.

मला मात्र वेळ काढणं भागच होतं. वनरक्षक भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी मुरबाडला निघाली होती. धावण्याच्या चाचणीत निवड झालेल्या मुलींना राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट. म्हसाची जत्रा आटोपली की चाचणी. निवड झाली तर पुढे काहीतरी आशा. नाही झाली तर परीक्षा संपल्यावर भाविकाताईच्या गोदामात. ताई माझी मोठी बहीण. ती दिवसभर उभी राहून खोक्यांवर स्टिकर लावते आणि घरी आली की पाय बादलीत बुडवून बसते. ती मला एकदाच म्हणाली, "कुणाली, तू नको येऊ तिकडं." मला जायचंच नव्हतं.

पहिल्या दिवशी उजाडताना मी घरातून निघाले आणि शेणव्याच्या रस्त्याला लागणाऱ्या आमच्या फाट्याकडे धावू लागले. आमच्याकडे माणूस उगाच धावत नाही. साप चावला, आग लागली, नाहीतर गाडी सुटली, ही तीनच कारणं गावाला मंजूर आहेत. शेजारची सकुबाई अंगण झाडत होती. तिने खराटा टाकला आणि माझ्यामागे धावत सुटली. "कुणाला चावला गो?" तिच्यामागे अजून चारपाच जण. एकाच्या हातात काठी होती. इतका मोठा धावण्याचा गट शहापूर शहरातही नसेल. मी थांबून सांगितलं, व्यायाम करतेय. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला खरंच साप चावला असता तरी एवढं वाईट वाटलं नसतं त्यांना.

पुढे फाट्यावरून सवाऱ्या नेणाऱ्या देवजीने जीप थांबवली. "बस गो. तुला सोडून जातोय का मी?"

"मला जायचं नाय कुठं, देवजीदादा."

"मग धावतेस कशाला?"

याचं उत्तर त्याला पटेना. चार दिवस तो रोज थांबला. जीपमधले लोकही सरकून जागा करत. असा जिव्हाळा असला की व्यायामाला बहर येतो.

शेवटी आईने, म्हणजे कमळने, गावाची समजूत घातली. "रिकामीच धावते ती. व्यायाम हाय तिचा." तिथेच घात झाला. रिकामी हा शब्द आमच्याकडे फार वाईट. फाट्यावर कोणी निघालं की त्याच्या हाती काहीतरी द्यायचं, ही रीतच आहे. रिकाम्या हाताने जाणारं माणूस दिसलं की लोकांना चैन पडत नाही. दुसऱ्याच दिवशी आईने दुधाची किटली पुढे केली. "जातेसच ना? पंढरीकाकाच्या डेअरीवर घाल. अशी रिकाम्या हातानं धावताना बरी नाय दिसत."

मग सकुबाईने कुकरची शिट्टी दुरुस्तीला दिली. पलीकडच्या घरातल्या गोदूने लेकीकडे द्यायला वालाच्या शेंगांची पिशवी दिली. कोणी देवजीच्या जीपने पाहुण्यांकडे पाठवायची औषधं दिली. व्यायामच करतेस तर जरा वजन घेऊन कर, असा सल्लाही मिळाला, तो मात्र फुकट. किटली घेऊन धावता येत नाही. दूध हिंदकळतं, झाकणातून पायावर सांडतं. म्हणजे चालायचं. आणि चालतानाही वाटेत प्रत्येक दारी थांबायचं, निरोप घ्यायचे. दोन आठवड्यांत माझा स्टॅमिना होता तिथेच राहिला. ओळखी मात्र वाढल्या.

घरात व्यायाम करणारं दुसरंही एक माणूस होतं. माझा भाऊ प्रणित. तो बाबांची मोटरसायकल घेऊन शहापूरच्या जिमला जातो. तो कसलीतरी तयारी करतो, कसली ते त्यालाही अजून कळवलेलं नाही. बाह्या कापलेले टीशर्ट घालून आरशात दंड बघतो. मोटरसायकलला किटली अडकवायला हूक आहे, फाटाही वाटेवरच. पण त्याच्या हाती कोणी कधी शिट्टी दिली नाही. तो व्यायामाला चाललेला असतो ना. परत आल्यावर आई त्याला दोन अंडी उकडून देते, कारण तो दमून येतो. मला काय, मी रिकामीच.

चाचणीला महिना राहिला तेव्हा मी मोबाईलवर वेळ लावून एकदा सलग धावून पाहिलं. अकॅडमीला हवी होती त्या वेळेच्या आसपाससुद्धा मी नव्हते. रस्त्याच्या कडेला बसले. दम लागला होता आणि रडू येत होतं. त्या दिवशी मला त्या किटलीचा इतका राग आला की ती नाल्यात फेकावीशी वाटली.

संध्याकाळी आईला म्हटलं, "उद्यापासून दूध मी नेणार नाय."

"मग कोण नेल?"

"प्रणित. त्याच्याकडे गाडी हाय."

आई चूल फुंकत राहिली. बाबा, धर्मा त्यांचं नाव, अशा वेळी नेहमी बैलांकडे बघायला जातात. ते गेले. थोड्या वेळाने आई म्हणाली, "बरं."

मला वाटलं, एका वाक्यात घर सुधारलं. खेळाच्या सरांना सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी फाट्याकडे न जाता उलट्या बाजूला, जंगलाच्या रस्त्याने धावू लागले. तिकडे माणसं नाहीत, निरोप नाहीत. परत येई तोवर ओट्यावर किटली नसायची, अंगणात मोटरसायकल नसायची. प्रणित शहाणा झाला म्हणून मी खूश. सकुबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. शिकली नि शेफारली, असं तिने गोदूला मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. सांगू दे. मी सकाळी धावायचे, मग कॉलेज, मग प्रॅक्टिकल, रात्री डोळे मिटत असताना वाचन. पाय दुखायचे, तेही छान वाटायचं. दिवसातला तेवढा एकच तास पूर्ण माझा होता.

मुरबाडच्या मैदानावर मी धावले. शेवटच्या फेरीला छाती फुटेल असं वाटलं, पण ताईची बादली आठवली आणि पाय थांबले नाहीत. निवड झाली.

गावाने माझं कौतुक केलं. सकुबाई पुन्हा बोलू लागली. किटली उचलून उचलूनच पोरीच्या अंगात बळ आलं, असं सर्वांचं मत पडलं, आणि ते श्रेय वाटून घेण्यात आलं.

अकॅडमीला जायच्या दिवशी प्रणितने माझी बॅग मोटरसायकलवरून फाट्यावर आणली. मी मागे बसले होते. देवजीची जीप भरत होती. तेवढ्यात रस्त्याने आई येताना दिसली. हातात किटली, खांद्याला गोदूची पिशवी, मुठीत कोणाचं तरी औषध. मला निरोप द्यायला आली असेल म्हणून मी पुढे झाले.

डेअरीच्या दारातून पंढरीकाका म्हणाले, "वहिनी, आज उशीर? रोज तर टायमावर असता."

रोज. मी प्रणितकडे बघितलं. "तू नेत नव्हतास?"

"मी कवा नेणार? मला जिम असते," तो म्हणाला. मग हसून, "बरंय ना, आईचापण व्यायाम होतो."

आईही हसली. तिला दम लागला होता, कपाळावर घाम होता. महिनाभर मी जंगलाच्या रस्त्याने मोकळी धावत होते तेव्हा ती इकडे चालत होती. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त संताप आला. मी तिच्या हातातली किटली घेतली आणि प्रणितच्या हातात दिली. तो ती धरून उभा राहिला, कशी धरायची हे कोणीतरी सांगावं अशा चेहऱ्याने.

"आन इकडं," आई त्याला म्हणाली. "तुला जिमला उशीर होईल."

तिने किटली परत घेतली. देवजीने हॉर्न दिला, जीपमधल्या कोणीतरी मला आत ओढलं. जीप सुटली तेव्हा आई डेअरीची पायरी चढत होती आणि प्रणित मोटरसायकलच्या आरशात केस नीट करत होता.