सतरा मिनिटं

सर्व्हरचं घड्याळ मी सतरा मिनिटं पुढे केलं तेव्हा कुमुदताई रणपिसे जिन्यात होत्या. त्या अजून जिन्यातच आहेत. आज नववा दिवस.

चूक माझी. आमच्या नकाशा कार्यालयाची सगळी वेळ त्या एका सर्व्हरवर चालते: हजेरी, दारं, जेवणाची सुट्टी. नवा सर्व्हर बसवला, घड्याळ लावायचं होतं, आणि मी मान वर करून भिंतीवर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ कुमुदताईंनीच सतरा मिनिटं पुढे ठेवलेलं होतं, लोक वेळेवर यावेत म्हणून. घरोघरी ठेवतात तसं. मला हे ठाऊक होतं. तरी मी तीच वेळ टाकली आणि लगेच सर्व्हरच्या सुरक्षेची पातळी सर्वांत वर नेली. एवढी घाई कसली होती, देव जाणे.

ती पातळी एकदा चढली की यंत्र चालू असेपर्यंत कुणालाच उतरवता येत नाही, मलाही नाही. घड्याळ पुढे जातं, मागे येत नाही. मागची वेळ टाकली की पडद्यावर उत्तर येतं: परवानगी नाही. मी दिवसातून चाळीस वेळा टाकून बघतो.

कुमुदताई मला सावध करायलाच वर येत होत्या. आम्ही सगळे पुढे निघून आलो आणि त्या मागे राहिल्या. कठड्यावरून वाकलं की दिसतात. हातात चष्म्याचं घर, चढतायत. त्या जितक्या पायऱ्या चढतात तितक्या वरच्या बाजूला वाढतात.

"उपेंद्र, भिंतीवरचं बघू नकोस रे," त्या म्हणतात.

"बघितलं, ताई," मी म्हणतो. त्यांना ऐकू येत नाही.

बिडवे साहेब, आमचे अधिकारी, एकदा वाकून गेले.

"हजेरी लागते का त्यांची?"

"लागते. रोज सतरा मिनिटं उशीर दाखवते."

"मग समज द्या फक्त."

संध्याकाळी कुमुदताईंच्या यजमानांचा फोन येतो.

"निघाली का ती?"

"जिन्यात आहेत."

"बरं, मग चहा टाकतो."

नऊ दिवस ते चहा टाकतायत. काल कुमुदताई पहिल्यांदाच दम खायला पायरीवर बसल्या. सात वर्षं या बाईंनी माझ्या चुका गुपचूप निस्तरल्या, कधी चारचौघांत बोलल्या नाहीत. मला रडू आलं.

एक मार्ग होता. तो मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. यंत्र बंद करायचं आणि दुरुस्तीसाठी एकट्यापुरतं चालू करायचं. तेव्हा पातळी खाली असते, घड्याळ मागे घेता येतं. पण तेव्हा यंत्र एकाच माणसाला थारा देतं, दुसऱ्याला नाही. मी भीत होतो, बाकी काही कारण नाही.

दहाव्या दिवशी दुपारी मी यंत्र बंद केलं. बिडवे साहेब बोलता बोलता नाहीसे झाले. बाकीच्या टेबलांवर चहाचे कप तेवढे राहिले. मी यंत्र एकट्यापुरतं चालू केलं आणि घड्याळ सतरा मिनिटं मागे घेतलं. कुणी अडवलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. शेवटची पायरी, मग दार. कुमुदताईंनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं त्याच क्षणी मी खाली जिन्यात होतो, हात कठड्यावर.

"उपेंद्र?" त्यांनी खोलीत विचारलं. मी खालून ओ दिली, ती त्यांना ऐकू गेली नाही.

उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. माझी खुर्ची ओढून बसल्या, पडदा वाचला. मनगटावर पाहून वेळ तपासली, ती बरोबर होती. मी ओरडत चढत होतो, "ताई, अजून पातळी चढवू नका!" कुमुदताईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि सुरक्षेची पातळी एक एक करत वर न्यायला सुरुवात केली.